मागच्या वायपरच्या कपलरवर १२ व्होल्ट दिसतात, तरी मोटर का फिरत नाही?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. गाडी आठ वर्षं जुनी हॅचबॅक, राहणं चिपळूणला, आणि पावसाळाभर कुंभार्ली घाटातून कराडला जाणं-येणं. मागचा वायपर आधी अधूनमधून बंद पडायचा, डिकी जोरात लावली की पुन्हा चालायचा. आता पूर्ण बंद आहे. फ्यूज चांगला, पुढचे वायपर चांगले. गॅरेजमध्ये मोटर गेली असं सांगून नवी बसवली, तीही हलली नाही. कपलरवर, म्हणजे मोटरला वायरी जोडायच्या प्लगवर, मीटर लावला तर १२.४ व्होल्ट दिसतात, त्यामुळे नवी मोटरच खराब निघाली असं गॅरेजवाल्यांचं म्हणणं. ती परत करून दुसरी मागवायची की वायपरचा कॉम्बिनेशन स्विच (स्टिअरिंगजवळच्या दांडीचा) बदलायचा, हा तुमचा प्रश्न. आणि शेवटी जाता जाता एक वाक्य लिहिलंय: नंबर प्लेटचा दिवाही हल्ली कधी लागतो, कधी लागत नाही.

दोन्हीपैकी काहीच करू नका. तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य ते शेवटचं आहे. नंबर प्लेटच्या दिव्याचा फ्यूज वेगळा, स्विच वेगळा, वायपरशी त्याचा काही संबंध नाही. दोघांत सामाईक गोष्ट एकच, ती म्हणजे दोघंही डिकीच्या दारावर बसलेत. त्यांच्या वायरी गाडीच्या छताकडून एकाच रबरी बुटातून, म्हणजे नळीतून, दारात उतरतात आणि बऱ्याच गाड्यांत त्यांची अर्थची (करंट परत बॉडीकडे नेणारी) वायरही एकच असते. एका दारावरच्या दोन असंबंधित वस्तू एकाच सुमारास त्रास द्यायला लागल्या, तर आधी त्या वस्तूंकडे बघायचंच नाही. त्यांच्याकडे जाणाऱ्या वायरींची वाट तपासायची. त्यात डिकी आपटल्यावर वायपर चालू होत होता, म्हणजे दार हलताना काहीतरी जुळत आणि तुटत होतं. माझा अंदाज असा की बिजागरीजवळच्या त्या बुटात वायर आतून तुटली आहे, आणि बहुधा अर्थची.

आता अंदाजावर वायर कापायची नसते, म्हणून तपासणी कशी करायची ते नीट सांगतो. पण त्याआधी मीटरच्या त्या १२.४ व्होल्टबद्दल. लोकांच्या नव्या मोटरी फुकट जातात त्या या आकड्यामुळे.

साधा डिजिटल मल्टिमीटर व्होल्ट मोजताना सर्किटमधून जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. त्याचा आतला रोध साधारण १० मेगाओहम असतो. समजा वायरीतल्या बारीक तारा तुटल्यात आणि गंजातून, ओलाव्यातून कसाबसा १०० ओहमचा रस्ता उरलाय. मीटरला तेवढा रस्ता भरपूर होतो, तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. मोटरला मात्र फिरायला काही अँपिअर लागतात, आणि १०० ओहममधून १२ व्होल्टवर जास्तीत जास्त ०.१२ अँपिअर जाईल. एवढ्यावर मोटर कण्हतही नाही. म्हणजे कपलर काढून, मोकळ्या पिनांवर घेतलेलं रीडिंग ‘इथपर्यंत कुठल्यातरी रस्त्याने वीज पोचते’ एवढंच सांगतं. वायर भार पेलते की नाही हे त्यातून कळत नाही. भार लावल्याशिवाय घेतलेल्या व्होल्टेजवर विसंबून कुठलाही पार्ट बदलू नये, हे मी माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी सांगतो.

दुसरा मुद्दा. ते रीडिंग घेताना मीटरचा काळा प्रोब कुठे टेकवला होता? जवळजवळ नेहमी तो पत्र्याला टेकवलेला असतो. तसं असेल तर फक्त सप्लायची बाजू तपासली गेली. मोटरमधून करंट परत जायची जी वायर आहे, ती कुणी बघितलेलीच नाही.

मागच्या वायपरचं सर्किट फार गुंतागुंतीचं नसतं. फ्यूजमधून सप्लाय निघतो, स्टिअरिंगजवळच्या दांडीच्या स्विचमधून मागे जातो, छताच्या कडेने डिकीच्या दारात उतरतो. मोटरच्या कपलरला साधारण तीन किंवा चार वायरी असतात. एक अर्थ. एकावर चावी ऑन असताना कायम १२ व्होल्ट. एकावर फक्त दांडी फिरवल्यावर १२ व्होल्ट. कायम सप्लायचं काम असं की तुम्ही वायपर मध्येच बंद केलात, तरी मोटरच्या आतला पार्किंगचा संपर्क चालू राहतो आणि पातं खाली जागेवर येऊनच थांबतं. कुठली वायर कुठली, हे रंगावरून ठरवू नका. एकाच मॉडेलच्या दोन सालांत रंग बदललेले असू शकतात. वायरिंगची आकृती मिळाली तर उत्तम, नाहीतर मीटरने ओळखा.

हत्यारं फार लागत नाहीत. मल्टिमीटर, दोन-तीन मीटर लांब वायर, ट्रिम (दाराच्या आतलं आवरण) काढायची प्लास्टिकची पट्टी, आणि इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट, दोन वायरी जोडलेला. हा बल्ब म्हणजे माझ्या पेटीतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भरवशाची वस्तू. तो पूर्ण पेटला की पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट ओढतो, म्हणजे वायरीवर खरा भार पडतो.

सुरू करायच्या आधी एक खबरदारी. काही गाड्यांत डिकी उघडी असली की मागचा वायपर चालतच नाही, तशी सोयच केलेली असते. अशा गाडीत दार उघडं ठेवून तपासलंत तर सगळंच मेलेलं दिसेल. दाराच्या लॉकमधली जीभ स्क्रूड्रायव्हरने फिरवून बंद स्थितीत आणा, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटतं. तपासणी झाल्यावर दार खाली ओढायच्या आधी हँडल दाबून लॉक पुन्हा उघडा. हे राहिलं तर लॉक हुकावर आपटून वाकतं.

दारावरचा आतला ट्रिम काढा. क्लिपा हळू, एकेक करून. मोटरचा कपलर काढू नका, तो बसलेलाच राहू द्या. कपलरच्या मागच्या बाजूने, वायर जिथून आत शिरते तिथून, बारीक टाचणी वायरीच्या कडेने आत सरकवली की पिनेपर्यंत पोचता येतं. वायरीच्या प्लास्टिकला भोक पाडू नका. त्या भोकातून पाणी शिरतं आणि कोकणातल्या दमट हवेत तांबं आतल्या आत हिरवं व्हायला वेळ लागत नाही.

चावी ऑन, मागचा वायपर ऑन. मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळा प्रोब गाडीच्या मुख्य बॉडीवर लावा, दारावर नाही. हे महत्त्वाचं आहे. दार बॉडीला रंगवलेल्या बिजागऱ्यांनी जोडलेलं असतं, त्यामुळे दाराचा पत्रा भरवशाचा अर्थ नसतो. दार ज्या लोखंडी हुकावर लॉक होतं, त्या हुकाचा बोल्ट उघडा धातू असतो, तो चांगली जागा आहे. आता लाल प्रोब आधी मोटरच्या सप्लायच्या पिनेला (दांडी फिरवल्यावर १२ व्होल्ट येतात त्या) आणि मग अर्थच्या पिनेला लावा.

सप्लायवर १२ आणि अर्थवरही १२ च्या जवळ दिसले, तर अर्थ तुटलाय. वीज मोटरमधून पलीकडे पोचली आहे, पण परत जायला वाट नाही, म्हणून मोटरच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज दिसतं. धडधाकट अर्थवर मोटर चालू असताना ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. अर्थवर २-३ व्होल्ट दिसले आणि मोटर मरगळल्यासारखी फिरत असली, तर वायर अर्धवट तुटलीय किंवा बोल्टखाली गंज आहे. वायपर ऑन असताना सप्लायच्या पिनेवर १२ ऐवजी जेमतेम एक-दोन व्होल्ट दिसले, तर तुटलेली बाजू सप्लायची. आणि भार असताना सप्लायवर पूर्ण १२, अर्थवर शून्य, तरीही मोटर गप्प, तेव्हाच मोटरला दोष द्या.

अर्थचा संशय पक्का करायला दोन मिनिटं लागतात. ती लांब वायर घ्या, एक टोक मोटरच्या अर्थच्या पिनेत खुपसलेल्या टाचणीला आणि दुसरं त्या लॉकच्या हुकाच्या बोल्टला लावा. टोक टेकवताक्षणी बोल्टवर बारीक ठिणगी उडते, मोटर गुरगुरते आणि पातं काचेवर चढायला लागतं. टोक उचललं की थांबतं. वायपर बंद ठेवून, दिवे लावून हेच पुन्हा करा आणि नंबर प्लेटचा दिवा बघा. तोही लागला तर दोघांचा एकच अर्थ गेलाय आणि शोध संपला.

सप्लायची बाजू असेल तर २१ वॅटचा बल्ब वापरा. आता कपलर काढा. बल्बची एक वायर चांगल्या अर्थला, दुसरी कपलरच्या सप्लायच्या पिनेला. बल्ब भक्क पेटला तर वायर ठीक, नुसता लालसर झाला किंवा पेटलाच नाही तर तुटलेली. बल्ब लावलेला असतानाच कुणाला तरी डिकी हळूहळू वर-खाली करायला सांगा. दाराच्या एका ठराविक कोनात बल्ब लुकलुकला की जागा सापडली. मात्र असा बल्ब दिसेल त्या वायरीला लावू नका. एअरबॅगचे कपलर पिवळे असतात, पडदा एअरबॅग (खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) असलेल्या गाड्यांत त्या वायरी छताच्या कडेने आणि मागच्या खांबाजवळून जाऊ शकतात, त्यांना हातच लावायचा नाही. आणि नव्या गाड्यांत दांडीचा स्विच मोटरला थेट वीज देत नाही, तो बॉडी कंट्रोल मॉड्यूलला, म्हणजे दिवे-वायपर चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, नुसता इशारा देतो. त्या इशाऱ्याच्या बारीक वायरीवर बल्ब लावला तर मॉड्यूल दुखावू शकतं. अशा गाडीत स्कॅनरवरून (गाडीच्या संगणकाला जोडायच्या यंत्रावरून) मागचा वायपर चालवायचा हुकूम देऊन बघावा. हुकूम दिल्यावर मोटर फिरली तर दोष दांडीकडे, नाही फिरली तर मॉड्यूलच्या पुढे. मोटरजवळची तपासणी मात्र तिथेही मी वर सांगितली तीच.

आता तो रबरी बूट. डिकीच्या वरच्या कडेला, बिजागरीच्या बाजूला, बॉडी आणि दार यांच्यामध्ये नागमोडी रबरी नळी दिसेल. काही गाड्यांत डावीकडे एक, उजवीकडे एक. दार उघडलं की आतल्या वायरी सरळ होतात, लावलं की दुमडतात, आणि हे आठ वर्षं रोज. पक्कड हाताशी नसली की आपण तार वाकवून वाकवून तोडतो, अगदी तेच इथे घडतं. रबराची कड पत्र्यातून काढताना स्क्रूड्रायव्हरचं टोक वापरू नका, रबर फाटतं आणि मग पाणी आत येत राहतं. कडेला साबणाचं पाणी लावा आणि बोटांनी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने बाहेर ढकला.

बूट मागे सरकवला की वायरी वरून बऱ्याचदा शाबूत दिसतात. त्यावर जाऊ नका. एकेक वायर दोन्ही हातांच्या चिमटीत धरा आणि हलकेच ताणा. आत तांबं सलग असेल तर वायर ताणली जात नाही. तांबं तुटलेलं असेल तर वरचं प्लास्टिक रबरासारखं लांबतं आणि मध्ये बारीक होतं. तिथे दुमडून बघा, प्लास्टिकला केसासारखी चीर दिसेल, आत काळ्या-हिरव्या पडलेल्या तारांची टोकं. अशी एक सापडली की थांबू नका. शेजारच्या वायरींनीही तेवढेच वाक सोसलेत. आज अर्थ जोडाल, आणि दिवाळीपर्यंत तिसरा ब्रेक लाइट किंवा डिकीचं सेंट्रल लॉक बंद पडेल. मागच्या काचेचा डीफॉगर (काचेवरची वाफ घालवणाऱ्या गरम तारा) असेल तर त्याच्या जाड वायरी नक्की बघा. त्यांतून बराच करंट जातो, अर्धवट तुटलेली वायर तिथेच गरम होते आणि शेजारच्यांचं प्लास्टिक वितळवते.

गाडीत बाहेरून रिव्हर्स कॅमेरा बसवलाय का? बसवला असेल तर त्याची जाड केबल याच बुटातून कोंबलेली असण्याची शक्यता मोठी आहे. बूट मग नीट दुमडत नाही आणि मूळच्या वायरी कडेला दाबल्या जातात. शिवाय कॅमेऱ्याचा अर्थ नंबर प्लेटच्या दिव्याच्या वायरीला पिळून, वर टेप गुंडाळून घेतलेला मला वारंवार दिसतो. तो जोड उघडून बघा.

दुरुस्तीत बहुतेक लोक घाई करतात. तुटलेली टोकं सोलून, पिळून, टेप लावून बूट बंद करतात, आणि पुढच्या पावसात तीच गाडी परत दारात. वाकणाऱ्या भागात जोड नकोच, सोल्डर मारलेला तर अजिबात नको, कारण सोल्डर तारांत झिरपून ताठ होतं आणि ते जिथे संपतं तिथेच वायर पुन्हा तुटते. वाकणारा सगळा तुकडा काढून टाका. बॉडीच्या आत वीतभर आणि दाराच्या आत वीतभर असे जोड घ्या, म्हणजे मधली नवी वायर सलग राहील. वायर गाडीसाठी मिळते ती, पुष्कळ बारीक तारांची, आणि मूळच्या इतक्याच जाडीची. घरच्या वायरिंगची उरलेली वायर वापरू नका, तिच्या तारा मोजक्या आणि जाड असतात, त्या इथे टिकत नाहीत. जोडाला दाबायची स्लीव्ह आणि वरून हीट श्रिंक नळी, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी, आतून गोंद असलेली. सगळे जोड एकाच जागी घेतले तर गाठ होते, म्हणून दोन-दोन बोटं मागे-पुढे घ्या. लांबी मापताना दार पूर्ण वर उघडलेलं असू दे. गुंडाळायला कापडी टेप, कारण साध्या प्लास्टिकच्या टेपचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो. हे सगळं करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, आणि एका वेळी एकच वायर कापून जोडा, म्हणजे अदलाबदल होणार नाही. गाडी वॉरंटीत असती तर मी तुम्हाला वायरिंगला हात लावू नका, थेट कंपनीच्या वर्कशॉपमध्ये न्या असंच सांगितलं असतं.

बूट निर्दोष निघाला तर? मग दाराच्या आत किंवा मागच्या खांबाजवळ अर्थचा बोल्ट शोधा, तो सोडवून पत्रा आणि लग (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) खरवडून साफ करा. आणि मोटरवर संशय आलाच तर ती काढून बॅटरीवर थेट लावून बघा, मध्ये १० अँपिअरचा फ्यूज असलेली वायर घेऊन. तुमची जुनी मोटर गॅरेजमधून परत आणली असेल तर तीही अशीच तपासा. मला वाटतं ती फिरेल, आणि मग नवी परत घेतात का ते विचारता येईल.

मोटर खरोखर जाते ती बहुतेक पाण्याने किंवा जाम होऊन. मोटरचा दांडा, ज्यावर वायपरचा हात बसतो, काचेतून बाहेर येतो तिथलं रबर कडक झालं की पाणी दांड्याच्या कडेने आत जातं. काही युरोपियन गाड्यांत तर काच धुवायचं पाणीच या पोकळ दांड्यातून येतं, तिथलं सील गेलं की पाणी सरळ मोटरच्या पोटात. दांडा गंजून बुशात (तो ज्यात फिरतो त्या नळीत) अडकला की मोटर ताण घेते आणि फ्यूज उडतो. वायपरचा हात दांड्यावरून काढा आणि मोटर चालवून बघा. पातं जागेवर न येता मध्येच थांबत असेल, तर कायम सप्लायची वायर किंवा आतला पार्किंगचा संपर्क बघायचा. तुमच्याकडे यातलं काही दिसत नाही.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडणाऱ्या गाडीसाठी तोच २१ वॅटचा बल्ब कामी येतो, तुमच्या प्रश्नाबाहेरचं असलं तरी सांगून ठेवतो. मोटरचा कपलर काढा, फ्यूजच्या जागी बल्बच्या दोन वायरी लावा, चावी आणि वायपर ऑन करा. वायरिंग कुठे पत्र्याला लागलेलं असेल तर बल्ब पूर्ण पेटेल, आणि पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाणारच नाही, म्हणून वायर जळायची भीती नाही. मग बूट, खांब, छताची कड असं एकेक हलवत जा. बल्ब विझला त्या जागी शॉर्ट आहे. मोठा फ्यूज घालून गाडी चालवणं मात्र कुणी करू नये, त्यात फ्यूजऐवजी वायर जळते आणि ती छताच्या कापडाला चिकटून असते.

काम झाल्यावर बूट पत्र्यात पुन्हा बसवताना त्याची कड चहूबाजूंनी खाचेत बसली आहे का, हे बोट फिरवून बघा. मग वायपर, नंबर प्लेटचा दिवा, तिसरा ब्रेक लाइट, डीफॉगर, डिकीचं लॉक हे सगळं दार उघडं असताना, अर्धं असताना आणि लावल्यावर, असं तिन्ही वेळा चालवून बघा. मागच्या काचेला पाणी मारायची बारीक नळीही बऱ्याच गाड्यांत याच बुटातून जाते आणि या ओढाताणीत तिचा सांधा निसटतो. निसटली असेल तर पाणी दाराच्या आत, नव्या जोडांवर आणि मोटरच्या कपलरवर गळत राहील, म्हणून दांडी ढकलून काचेवर पाणी मारा, दाराच्या आत हात घालून ओल लागते का बघा, आणि मगच ट्रिम बसवा.